फटीतून शिकलेली भाषा

जर्मनीत एका रानाच्या कडेला एक घर होतं आणि त्या घराला चिकटून लाकडाचं एक खोपट. खोपट इतकं बुटकं, की आत ताठ बसता येत नव्हतं. एका अंगाला डुकरं कोंडायची जागा, दुसऱ्या अंगाला स्वच्छ पाण्याचं डबकं. खाली मातीच, पण कोरडी. थंडीच्या दिवसांत एक जण त्यात शिरला. बाहेरून दिसू नये म्हणून त्यानं भेगा दगडांनी नि लाकडांनी बुजवल्या, खाली पेंढा पसरला आणि अंग चोरून पडून राहिला. एक जाडाभरडा पाव आणि पाणी प्यायला एक पेला, दोन्ही चोरलेले. एवढाच त्याचा संसार.

जवळच्या गावातून तो दगड खाऊन आला होता. त्याला पाहताच पोरं किंचाळली होती, एक बाई भोवळ येऊन पडली होती, आणि मग अख्ख्या गावानं हाताला येईल ते फेकून मारलं होतं. उंची आठ फूट. वय विचाराल तर जगात येऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाच्या, इंगोलस्टाटला शिकणाऱ्या एका तरुणानं मेलेल्या देहांचे तुकडे जोडून त्याला घडवलं होतं. त्यानं डोळे उघडले मात्र, घडवणाराच खोलीतून पळत सुटला. त्या घाईत बारसं राहून गेलं. लोक आज त्या प्राण्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, पण ते बापाचं आडनाव. कादंबरीत ते त्याला कुणी लावलेलं नाही.

ती कादंबरी मेरी शेलीची. १८१६चा उन्हाळा, जिनिव्हाच्या सरोवराचा काठ, आणि तिचं वय अठरा. आदल्या वर्षी तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेपायी युरोपचा तो उन्हाळा पावसात आणि गारठ्यात गेला. घरात अडकून पडलेल्या मंडळींत कवी बायरननं टूम काढली, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. १ जानेवारी १८१८ रोजी लंडनला पुस्तक निघालं. तीन खंड, पाचशे प्रती, आणि लिहिणारीचं नाव कुठेही नाही. प्रस्तावना नवऱ्यानं लिहिलेली, म्हणून पुष्कळांना वाटलं की पुस्तकही त्याचंच. बिननावाच्या प्राण्याची गोष्ट जगात बिननावानंच आली. असो. खोपटात परत जाऊ.

घराच्या भिंतीत पूर्वी एक खिडकी होती. ती लाकडं ठोकून बंद केलेली. त्या लाकडांत एक फट राहिली होती, डोळा लावला तर जेमतेम नजर जाईल एवढी. पलीकडे चुना दिलेली स्वच्छ, रिकामी खोली दिसे. विस्तवापाशी बसलेला एक म्हातारा, एक तरुण मुलगी, एक तरुण मुलगा. म्हाताऱ्यानं एकदा वाद्य हाती घेतलं आणि वाजवू लागला. मुलगी रडू लागली. तेव्हा फटीच्या अलीकडे बसलेल्याच्या पोटात काहीतरी असं हललं, जे भुकेनं कधी हललं नव्हतं आणि थंडीनंही नव्हतं. त्याला ते सोसेना. तो फटीपासून बाजूला झाला.

सुरुवातीला तो रात्री त्यांच्याच घरातलं अन्न चोरून खाई. मग एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ती दोघं तरुण पोरं म्हाताऱ्यापुढे ताट ठेवत आणि स्वतःसाठी कित्येकदा काहीच ठेवत नसत. त्या दिवसापासून त्यानं चोरी बंद केली आणि रानातली बोरं, कवचीची फळं, कंदमुळं यांवर भागवायला लागला. मुलाचा दिवस लाकडं तोडण्यात जातो हेही त्यानं पाहिलं. मग रात्री हत्यारं न्यायची, रानातून लाकूडफाटा तोडून आणायचा आणि दाराशी ढीग लावून ठेवायचा. सकाळी मुलगी दार उघडे आणि थक्क होई. हे कुठल्या तरी भल्या शक्तीचं काम, असं ती माणसं आपसांत बोलत. त्या शब्दांचा अर्थ मात्र तेव्हा त्याला कळत नव्हता.

कारण त्याला भाषा येत नव्हती. एकच गोष्ट कळली होती, की ही माणसं तोंडातून आवाज काढतात आणि त्या आवाजानं समोरच्याच्या चेहऱ्यावर कधी हसू येतं, कधी पाणी. हात न लावता दुसऱ्याला हलवायची ही विद्या त्याला दैवी वाटली. ती शिकायचीच असं त्यानं मनाशी धरलं. फटीला कान लावून बसला. माणसं भरभर बोलत, वस्तूकडे बोट दाखवत नसत, कुठला आवाज कशाचा हे लागेना. कित्येक पौर्णिमा गेल्या, तेव्हा कुठे चार शब्द हाती लागले. विस्तव, दूध, पाव, लाकूड.

कुठल्याही भाषेत शिरायचं दार हेच असावं, चुलीपाशी. चारांपैकी एका शब्दाचं ओझं तर त्यानं रोज रात्री खांद्यावर वाहिलेलं होतं.

मग नावं आली. तीही गंमतच होती. त्या मुलीला कधी ‘अगाथा’ म्हणत, कधी ‘बहीण’. मुलगा ‘फेलिक्स’ही होता, ‘भाऊ’ही होता आणि ‘मुलगा’ही होता. म्हाताऱ्याला मात्र एकच हाक, ‘बाबा’. एकाच माणसाला इतकी नावं कशी? हळूहळू उलगडलं, की जितकी नाती तितकी नावं. आणि मग आपल्याला एकही का नाही, तेही आपोआप उलगडलं. ‘चांगला’, ‘लाडका’, ‘दुःखी’ असे शब्द त्याला ऐकून ओळखता येत होते. अर्थ लागत नव्हता, कारण त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

एके दिवशी त्यानं डबक्याच्या पाण्यात स्वतःला पाहिलं. आधी मागे सरकला. हा आपणच, यावर विश्वास बसायला वेळ लागला. तिथेच त्याचा हिशेब पक्का झाला, की या चेहऱ्यानिशी त्यांच्यापुढे जाता येणार नाही. आधी भाषा चांगली यायला हवी. गोड बोललो, त्यांच्या तोंडची भाषा त्यांच्यासारखी बोललो, तर ते चेहरा विसरतील.

या हिशेबाला भाबडा म्हणून हसू नये. पोटासाठी गाव सोडून दुसऱ्या मुलखात गेलेली माणसं पहिल्या दिवशी हाच हिशेब मांडतात.

वसंतात त्या घरी एक पाहुणी आली. साफी तिचं नाव, बाप तुर्की व्यापारी. तिलाही या घरची भाषा येत नव्हती. फेलिक्स तिला शिकवू लागला आणि नकळत त्याचे विद्यार्थी दोन झाले, एक बाकावर आणि एक भिंतीमागे. गुरू तोच, धडा तोच. भिंतीमागचा पुढे गेला. साफी अडखळत बोलत होती तेव्हा त्याला जवळजवळ सगळं समजू लागलं होतं. पण साफीला शिकवायला समोर फेलिक्स होता. याच्या चुका दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

फेलिक्सनं शिकवायला व्होल्नी नावाच्या फ्रेंच लेखकाचा साम्राज्यांच्या नाशावरचा ग्रंथ घेतला होता. त्यातून जगाचा इतिहास कळला. अमेरिकेतल्या मूळ माणसांचं काय झालं ते ऐकून इकडे साफी रडली, तिकडे तोही रडला. मग मालमत्ता म्हणजे काय, कुळ म्हणजे काय, उच्च रक्त म्हणजे काय, हे धडे झाले. माणसाला मान मिळतो तो घराण्यानं नाहीतर पैशानं, दोन्ही असतील तर उत्तमच. त्यानं स्वतःची झडती घेतली. पैसा नाही, जमीन नाही, सगासोयरा नाही. आपण आडनाव ऐकल्याशिवाय समोरच्याला खुर्ची सरकवत नाही. ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नात गाव कमी आणि बाकीचंच जास्त विचारलेलं असतं. हा धडा आपल्याला भिंतीमागून शिकावा लागला नाही, इतकाच फरक.

यातली मेख अशी, की ते घरही वाळीत टाकलेल्यांचंच होतं. द लेसी कुटुंब मूळचं पॅरिसचं, खातंपितं. साफीच्या बापाला तिथे अन्यायानं मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. फेलिक्सनं त्याला तुरुंगातून पळवलं. त्यापायी बापलेक आणि बहीण, तिघांची मालमत्ता जप्त झाली आणि देशाबाहेर काढलं गेलं. म्हणून ही माणसं परमुलखात, रानाच्या कडेला राहत होती. हद्दपार होणं म्हणजे काय हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. भिंतीमागच्याला वाटलं, ठाऊक आहे म्हणजे समजून घेतील.

मधल्या काळात तो वाचायलाही शिकला. रानात एक चामडी पेटी सापडली, तिच्यात तीन पुस्तकं निघाली. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’, प्लुटार्कच्या चरित्रांचा एक खंड आणि गटेचा ‘वेर्थर’. मिल्टनचं महाकाव्य त्यानं घडलेला इतिहास समजून वाचलं. त्यातल्या आदामाला निदान देवानं जवळ तरी केलं होतं, हे त्याला लागलं. पण खरा घाव चौथ्या वाचनानं घातला. प्रयोगशाळेतून निघताना अंगावर घेतलेल्या कपड्यांच्या खिशात काही कागद होते. इतके दिवस ते नुसते कागद होते. आता अक्षर कळत होतं. ती व्हिक्टरची टिपणवही होती, त्याच्या जन्माआधीच्या चार महिन्यांची. कुठून काय आणलं, कसं जोडलं, आणि ते करताना घडवणाऱ्याला किती किळस येत होती, सगळं त्यात होतं. साक्षर होऊन पहिल्यांदा स्वतःविषयी वाचायला मिळालं ते हे.

तरी त्यानं धीर सोडला नाही. म्हातारा आंधळा होता, आणि हीच त्याची सगळी आशा. तरुण मंडळी फिरायला गेली असताना त्यानं दार वाजवलं. वाटसरू आहे, थोडा वेळ विसावा हवा, म्हणाला. म्हाताऱ्यानं आत घेतलं. दोघं विस्तवापाशी बसले. म्हाताऱ्यानं सहज विचारलं, बोलण्यावरून तुम्ही आमच्याकडचे वाटता, फ्रेंच का?

‘मराठी छान बोलता हो तुम्ही!’ हे वाक्य आपण किती मायेनं म्हणतो. इथेच जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या माणसालाही म्हणतो, आणि समोरचा क्षणभर का गप्प झाला ते आपल्याला कळत नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नात ती मेखसुद्धा नव्हती. त्यानं याला सरळ आपला धरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला कुठला तरी समजलं, आणि तेही भाषेच्या जोरावर. त्यानं खोटं सांगितलं नाही. फ्रेंच नाही, पण एका फ्रेंच कुटुंबानं शिकवलं, तेवढी एकच भाषा येते, असं सांगितलं. आता त्यांच्याच आसऱ्याला निघालोय, पण भीती वाटते, कारण त्यांनी मला अजून पाहिलेलं नाही, म्हणाला. म्हातारा म्हणाला, मी आंधळा, चेहरा पारखता येत नाही, पण तुमच्या बोलण्यात खरेपणा वाटतो.

बाहेर पावलं वाजली. वेळ संपली होती. त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला आणि सांगून टाकलं, ते कुटुंब तुमचंच, मला वाचवा. म्हातारा दचकून ओरडला, देवा, तू आहेस तरी कोण?

दार उघडलं. अगाथा बेशुद्ध पडली. साफी बाहेर पळाली, तीच साफी, त्याच्याबरोबर एकाच धड्यावर रडलेली. फेलिक्सनं त्याला ओढून खाली पाडलं आणि काठीनं मारलं. मनात आणलं असतं तर त्यानं फेलिक्सला फाडला असता. हात उचलला नाही. मार खाऊन खोपटात परत गेला. सगळं घर घाबरलं, गोंधळलं, पण इतके महिने लाकडं कोण आणत होतं हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वाचक म्हाताऱ्याला पूर्ण गुण देतात. मी मात्र जरा हात राखून देतो. दार उघडायच्या आधीच त्यानं ‘कोण’ विचारलं होतं. उत्तराला कुणी थांबलं असतं तर काय झालं असतं, हे कादंबरी सांगत नाही.

इथे मला आपल्या पैठणची गोष्ट आठवते, कथासरित्सागरातली. सातवाहन राजाला जलक्रीडेत राणी म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, आता पाणी नको. राजाला संधी कळला नाही, त्यानं मोदक मागवले. हसं झालं. मग व्याकरण शिकवायच्या पैजेत पंडित गुणाढ्य हरला आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या. भाषा गेली तसा दरबारही गेला. विंध्याच्या रानात तो मुका हिंडला आणि शेवटी पिशाचांची भाषा शिकला. त्या पैशाचीत त्यानं सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली आणि राजाकडे पाठवली. राजानं भाषा ऐकूनच नाक मुरडलं. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. जनावरं चरायची विसरून ऐकत बसली, वाळली. राजवाड्यात कोरडं मांस येऊ लागलं, राजाचं पोट बिघडलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा रानात पोचेतो सहा लाख जळले होते. उरलेल्या एक लाखाची ती बृहत्कथा, तीही आज मूळ रूपात उपलब्ध नाही. आपल्याकडचा वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून अस्खलित बोलतो, त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. दरबारातले पंडित तेवढे वेगळे.

द लेसी मंडळी परत त्या घरात राहिली नाहीत. घरमालकानं समजावलं, तीन महिन्यांचं भाडं जाईल, बागेतली भाजी जाईल. फेलिक्स म्हणाला, जाऊ दे. त्या रात्री चंद्र मावळायची वाट पाहून भिंतीमागच्यानं ते रिकामं घर पेटवून दिलं. पुढे एक बुडणारी मुलगी त्यानं पाण्यातून काढली, तर तिच्याबरोबरच्या माणसानं गोळी घातली. आणि त्यानंतरचं सगळं वाईटच. व्हिक्टरचा लहान भाऊ, जिवलग मित्र, नवी नवरी, तिघांचे गळे त्यानं घोटले. एक निरपराध मोलकरीण त्याच्या पापासाठी फासावर गेली. काठी त्याला आधी बसली हे खरं, म्हणून या खुनांचं ओझं हलकं होत नाही. तोही तसं म्हणत नाही.

मला अडवतं ते मधलं एक दृश्य. भावाच्या खुनानंतर शामोनीच्या हिमनदीवर बाप आणि तो समोरासमोर येतात. व्हिक्टर ओरडतो, नजरेआड हो. तेव्हा तो पुढे होतो आणि आपल्या हातांनी व्हिक्टरचे डोळे झाकतो. पाहू नकोस, पण ऐक, एवढंच मागणं. व्हिक्टर हात झिडकारतो. मग ऐकतो खरा, कळवळतोही, त्याला जोडीदारीण करून द्यायचं कबूल करतो, आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत जाऊन अर्धवट घडलेली ती स्वतःच फाडून टाकतो. मरणाआधी ध्रुवाकडच्या बर्फात ज्या जहाजानं त्याला उचललं, त्याच्या कप्तानाला, वॉल्टनला, तो बजावून ठेवतो, त्या प्राण्याचं बोलणं फार गोड आहे, भुलू नका. भाषा येत नव्हती तोवर तो जनावर होता. भाषा आली तर गोडबोल्या ठरला.

व्हिक्टर मेल्यावर तो जहाजावर येतो. वॉल्टन त्याला पाहतो आणि त्याचे डोळे आपोआप मिटतात. तसेच डोळे मिटून तो त्याला थांब म्हणतो. तो थांबतो, बोलतो, मेलेल्या बापासाठी रडतो, आणि बर्फाच्या तुकड्यावर उडी टाकून अंधारात जातो. वॉल्टन ते सारं बोलणं बहिणीला पत्रात लिहून ठेवतो.

पुढे १८२३मध्ये लंडनच्या रंगभूमीवर हा प्राणी आला आणि तिथे त्याची वाचा काढून घेतली. जाहिरातीत पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. स्वतः मेरी शेली ते नाटक पाहायला गेली होती आणि ती रेघ तिला आवडली. १९३१च्या हॉलिवूडच्या चित्रपटात तो नुसता गुरगुरला. १९३५च्या पुढच्या भागात त्याला मोजके शब्द परत मिळाले, तेही रानातल्या एका आंधळ्या माणसाकडून. जगाला ठाऊक आहे तो हा गुरगुरणारा.

कादंबरीची १८३१ची आवृत्ती सहज मिळते. तिच्यातल्या अकराव्या प्रकरणापासून सोळाव्या प्रकरणापर्यंत एकटा तोच बोलतो. ही सहा प्रकरणं कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, आणि ऐकताना डोळे मिटा.